एकाच घराचं रक्त

पोटचा निहार गेल्यावर दीड महिन्यानं शेवंती अंगणवाडीत परत रुजू झाली. त्या दिवशी आलेल्या पहिल्याच बाईनं आपलं बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. वजनाची झोळी काट्याला लावलेली होती, तक्ता उघडा होता, शेवंतीनं बाळाचं लंगोट सोडायला हात पुढे केला होता. ती बाई नजर न उचलता म्हणाली, "ऱ्हवांदे. मदतनीस घेयत वजन."

मदतनिसीनं वजन केलं, पाच किलो दोनशे, आणि शेवंतीनं तक्त्यावर टिंब दिलं. टिंब इतकं दाबून दिलं की कागदाला भोक पडलं. त्यानंतर आठवडाभर हेच चाललं. मग एक दिवस तिनं दारातच उभं राहून आयांना सांगितलं, "माझ्या हातान पोर मरणा नाय. ज्येका पटणा नाय त्येनी बिऱ्हाड बदलून दुसरी अंगणवाडी बघा. वजन मीच करतलंय." तेव्हापासून गावात ती तोंडाळ ठरली.

हे कोरगाव, पेडणे तालुक्यातलं. शेवंतीचं माहेर डिचोलीकडचं, मांडवीकाठचं आमोणे. तिचा बाप दत्ताराम खारबांधाच्या आतल्या शेतात भात काढायचा. कोरगावात दिली ती त्याच्याच थोरल्या बहिणीच्या घरी. तारा आते स्वतः आमोण्याला आली होती, भावाच्या सोप्यावर बसून म्हणाली होती, "परक्याची कशाला शोधू? माझ्या महादेवाला माझ्याच भावाची द्या." मामाची मुलगी करण्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, दोन्ही घरांत आधीही असं झालेलं होतं. महादेव तेव्हा शिरगावच्या खाणीवरून खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर काही वर्षं त्यानं मिळेल ते केलं, आणि मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर टॅक्सी घेतली. माणूस वाईट नव्हता. आईसमोर उभा राहत नसे, एवढंच. आणि तेवढं पुरेसं झालं.

निहार जन्मला तेव्हा चांगला तीन किलोंचा होता. तिसऱ्या महिन्यापासून जुलाब सुरू झाले ते थांबेनात. तोंडात पांढरा बुरा धरायचा, पुसला की दोन दिवसांत परत. मग खोकला, मग ताप, मग सलाईन. एका खाजगी डॉक्टरनं सांगितलं की आईचं दूध पचत नाही. दुसऱ्यानं सांगितलं की घरात ओल आहे. शेवंती दर आठवड्याला अंगणवाडीच्या काट्यावर त्याचं वजन करायची आणि इतर मुलांसारखंच त्याचंही टिंब तक्त्यावर द्यायची. रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात आली, पिवळ्यातून लाल पट्ट्यात. नवव्या महिन्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि तो गेला.

तेराव्याला शेजारच्या बायका बसलेल्या असताना तारा आते म्हणाली, "हिच्या दुधातच काय तरी हा. माझ्या झिलाची पिढी हिच्यामुळे बुडतली." शेवंती आत भांडी घासत होती. तिनं ते ऐकलं. बाहेर येऊन तिनं घासलेला तांब्या आतेच्या पायाशी ठेवला आणि परत आत गेली. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं, आणि त्या वाटण्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग होता.

अडीच वर्षांनी सेजल झाली. चौथ्या महिन्यात तिच्या जिभेवर तोच पांढरा बुरा दिसला तेव्हा शेवंतीनं कुणालाही विचारलं नाही. महादेव विमानतळावर गेलेला होता. तिनं पोर पदरात घेतलं, सोबत तिचा आणि निहारचा असे दोन्ही वाढीचे तक्ते घेतले आणि दोन बस बदलून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठलं. आते मागोमाग निघाली. एकटी बाई पोर घेऊन गेली असं गावानं म्हणायला नको म्हणून.

तिथं मुलांच्या विभागात गौरवी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी दोन्ही मुलांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले.

"नवराबायको नात्यातले का?"

"होय. माझ्या आतेचेच ते. ही माझी आते, हीच सासू."

डॉक्टर ताराकडे वळल्या. "आजी, नीट आठवून सांगा. तुमच्या माहेरी, म्हणजे दोघांच्या घराण्यात, कधी अशी तान्ही मुलं गेली होती का? जुलाब, खोकला, वारंवार ताप?"

"नाय," आते म्हणाली. "आमच्या घराण्यात असा कधीच नाय झाला. सगळी वाघासारखी वाढली."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सेजलचं रक्त, आणि मागाहून आईबापाचंही, मुंबईला गेलं. जंतू जिवंत ठेवून केलेल्या लशी तूर्त हिला देऊ नका, असं त्यांनी बजावलं. निदान होईपर्यंत फक्त हिलाच, बाकी मुलांना सगळ्या वेळेवर द्यायच्या, हेही अंगणवाडीची बाई म्हणून तिला दोनदा सांगितलं. पुढचे पाच आठवडे शेवंतीनं सेजलला खोलीबाहेर नेलं नाही. उकळलेलं पाणी, वेगळी भांडी, दारात साबण. आते म्हणायची, पोरीला तुरुंगात घातली आहे.

अहवाल आला त्या दिवशी महादेवही बरोबर होता. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला.

"ही पेशी. जंतू आत शिरला की हिच्यावरचं एक प्रथिन त्याचा तुकडा वर धरून दाखवतं, की हा बघा, हा परका. मग लढणाऱ्या पेशी जाग्या होतात. सेजलच्या पेशींवर ते प्रथिनच नाही. म्हणून तिच्या शरीराला शत्रू कोण ते कळत नाही."

"प्रथिन म्हणजे डाळी, अंडी?" महादेवनं विचारलं.

"तसं खाऊन हे मिळत नाही. हे शरीर स्वतः बनवतं. आणि गंमत बघा, ते बनवण्याची कृती तिच्यात अगदी धड आहे. पण ती कृती वापरा, आता बनवायला घ्या, असा हुकूम देणारं एक वेगळं जनुक असतं. त्याचं नाव सीआयआयटीए. ते बिघडलेलं आहे. हुकूम सुटतच नाही."

शेवंतीनं विचारलं, "ते माझ्याकडून आलं?"

"प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक जरी धड असली तरी माणसाला काही होत नाही. तुम्ही दोघंही धडधाकट आहात, पण तुमची एक प्रत बिघडलेली आहे, आणि यांचीही. सेजलला दोघांकडच्या बिघडलेल्याच मिळाल्या. निहारचंही बहुतेक हेच झालं असणार." त्यांनी आईबापाचे अहवाल पुढे केले. "दोघांत अगदी तीच चूक आहे, त्याच जागी. म्हणजे ती एकाच घरातून आली आहे. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला, आणि त्यांच्या बहिणीकडून यांना."

शेवंतीला कडू हसू आलं. तीन वर्षं तिच्या दुधाला जी दोष देत आली, तिच्याच रक्तातूनही ती चूक आली होती. घरी आल्यावर तिनं आतेला सगळं सांगितलं. आतेनं सूप खाली ठेवलं. "कागदावर काय लिवतले त्येंच्या बापाचा काय जाता?" एवढंच म्हणाली आणि सूप उचलून परत तांदूळ पाखडायला लागली.

उपाय एकच होता. दुसऱ्या कुणाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी सेजलच्या अंगात सोडायच्या, म्हणजे त्यांच्यापासून हुकूम देणाऱ्या पेशी तयार होतील. वाचेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. केलं नाही तर फार दिवस काढणार नाही, हे मात्र सांगितलं. सख्खं भावंड नव्हतं. शेवंतीच्या रक्तात जुन्या काविळीचा विषाणू निघाला, म्हणून तिचं घेता येईना. महादेवचं निम्मं जुळत होतं आणि तेवढ्यावर करता येतं असं बेंगळुरूच्या इस्पितळानं कळवलं. तिथं जागा मिळाली, तारीखही मिळाली.

आते उंबरठ्यात आडवी आली. "झील माझो. त्येच्या हाडात सुयो घालूक मी देवचंय नाय. घराचो कर्तो पुरुष खाटेर पडलो तर?"

"काही होत नाही त्यांना," शेवंती म्हणाली. "डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं. चार दिवस कंबर दुखेल."

"चेडवासाठी? एका पोरीसाठी?" आते म्हणाली. "झील आसतो तर गजाल येगळी."

महादेवनं तारीख पुढे ढकलली. आईला समजावतो म्हणाला. शेवंती रोज सकाळी तो गाडी पुसत असताना त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. "आज बोललात?" तो म्हणायचा, "बोलतंय गे, वायच दम धर." एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी सेजलला धाप लागली. बांबोळीला नेईपर्यंत तिचे ओठ निळे झाले होते. तीन दिवस यंत्रावर होती, मग गेली. सात महिन्यांची, चार किलो नऊशे ग्रॅम.

इस्पितळाच्या व्हरांड्यात महादेव भिंतीला टेकून रडायला लागला. शेवंती त्याच्यासमोर उभी राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि आजवर तिनं त्याला एकेरी हाक मारली नव्हती.

"एकोणीस दिस तू गाडी पुसत ऱ्हवलंस," ती म्हणाली. "माझ्यासमोर रडू नको."

त्यानंतर ती कोरगावातच राहिली, पण वेगळी. अंगणवाडीजवळ एका म्हाताऱ्या बाईकडे खोली घेतली. सगळ्यांना वाटलं, बाप नेईल आमोण्याला. दत्ताराम आला होता न्यायला. ती म्हणाली, "मी कित्याक जाव? मी काय चोरी केली?" रोज सकाळी आतेच्या घरासमोरूनच ती कामावर जायची, दुसरी वाट असताना.

अकरा महिने गेले. मग एका रविवारी तिची धाकटी बहीण अंकिता फोनवर रडत रडत म्हणाली, "ताय, आते मागणी घालूक इली. प्रशांतासाठी."

प्रशांत म्हणजे महादेवचा धाकटा भाऊ. अंकिताला तो आवडत होता, हे शेवंतीला ठाऊक होतं. रडत होती ती मागणीमुळे नव्हे. आतेनं बायकांत म्हटलं होतं, "ह्या येळार चांगली बघून करतंय. थोरली फसली." ते अंकिताच्या कानावर आलं होतं.

"तुमी दोघा आधी रक्त तपासा," शेवंती म्हणाली.

"बाबा तयार आहेत. आते नको म्हणते. म्हणते, रक्त तपासलं असं कळलं तर गावात आमच्या घराला नाव लागेल."

साखरपुडा आमोण्याला ठरला. शेवंतीला बोलावणं नव्हतं. ती सकाळच्या बसनं गेली. अंगणात मंडप होता, पाटावर नारळ, साडीचं ताट, पेढे. आते नव्या लुगड्यात मधोमध बसलेली. शेवंती थेट जाऊन पाटासमोर उभी राहिली, हातात प्लास्टिकची फाईल.

"ओटी भरायच्या आधी ह्या दोघांचं रक्त द्या. अहवाल आला की मग खुशाल भरा."

"शुभकार्यात हिका कोणी बोलावली?" आते म्हणाली. "दोन पोरां खाल्ली, आता भयणीचा लगीन मोडूक इली."

महादेव मागच्या ओळीत बसला होता. तो उठला, आणि परत बसला.

"मी खाल्ली?" शेवंतीचा आवाज चढला नाही. तो खाली गेला, तरी मंडपाच्या टोकाला ऐकू आला. "ह्या कागदावर दोन नावां आसत. एक माझा, एक तुझ्या झिलाचा. झिलाक ती प्रत खंयसून इली, आते? तू दिलंस. माझ्या बापसान माका दिली, तू त्येका दिलंस. आणि तुमका दोघांक ह्याच घरान दिली."

"आमच्या घरात कधी..."

"तारा."

दत्ताराम बोलला होता. तो तुळशीजवळ उभा होता, हातात अक्षतांची वाटी. "तारा, आता पुरे. बाबली आणि त्येच्या फाटलो, आपले दोन तान्हे भाव. दोघव असेच गेले. तू दहा वर्साची होतंस. मी ल्हान, माका वायच वायच याद. तोंडात पांढरा, जुलाब. दुसऱ्याक तूच कडेर घेवन फिरायचंस."

आतेचा चेहरा दगडासारखा झाला. बांबोळीची ती खोली शेवंतीला आठवली, डॉक्टरांचं पेन, आणि आतेचं ते ठाम नाही.

"तुका ठावक होता," ती म्हणाली. "निहार आजारी होतो तेव्हा ठावक होता. डॉक्टरान तोंडार इचारला तेव्हा ठावक होता."

"काय सांगू?" आते एकदम फुटली. "माझ्या आवयक ह्याच अंगणात पोरखाऊ म्हणायचे. पाण्याक गेली तर बायका घागर बाजूक घेयत. मी बघितलंय. ता सासरी कळला आसता तर माका ठेवली आसती?"

"माका तू ठेवलंस?" शेवंतीनं विचारलं. "तुझ्या आवयक म्हटला ताच तू माका म्हटलंस. शब्दसुद्धा तोच."

मग अंकिता पाटावरून उठली. प्रशांतकडे बघून म्हणाली, "उद्या बांबोळीला जाऊ." प्रशांतनं मान हलवली. पेढे तसेच राहिले.

अहवाल यायला महिना लागला. प्रशांतची एक प्रत बिघडलेली होती. अंकिताच्या दोन्ही धड होत्या. डॉक्टर गौरवी म्हणाल्या, लग्न करा, तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही. मे महिन्यात लग्न झालं. शेवंती गेली, बहिणीला साडी दिली, जेवायला बसली. तिथंच एका पाहुणीनं कौतुकानं म्हटलं, "धाकट्येचा रक्त शुद्ध निघाला म्हणे." शेवंतीनं पान तसंच टाकलं आणि ती उठली.

"ती आणि मी एकाच बापाच्या," ती त्या बाईला म्हणाली. "तिच्या वाट्याक धड प्रत इली, माझ्या वाट्याक मोडकी. ह्यात शुद्ध काय आणि बाटला काय?" बाई ओशाळली. शेवंतीचं समाधान झालं नाही.

त्याच आठवड्यात ती आतेच्या घरी गेली, सेजल गेल्यापासून पहिल्यांदाच. हातात शाळेची दोनशे पानी वही. आते खिडकीशी सुपारी कातरत बसली होती.

"आमोण्याच्या घरातल्या लेकी खंय खंय दिल्यो, कोणाच्या सुना खंयसून हाडल्यो, ता सगळा तुका एकटीक ठावक हा," ती म्हणाली. "सांग. मी लिहितंय."

"कित्याक?"

"दुसऱ्या कोणाच्या दुधाक दोष लागाचो नाय म्हणान."

आतेनं अडकित्ता खाली ठेवला. मग तिनं सांगायला सुरुवात केली. साळ, मये, दोडामार्ग, सावंतवाडीकडची दोन घरं, बांद्याचं एक. तीन दुपारी लागल्या. कुठं तान्ही मुलं गेली होती तेही तिनं सांगितलं, सहा निघाली. शेवंती लिहीत होती, मध्ये एकदाही तिनं वर पाहिलं नाही. तिसऱ्या दुपारी आतेनं चहा ठेवला. शेवंतीनं वही मिटली आणि चहा न घेता निघाली. दारात आते म्हणाली, "शेवंते, माका माफ..."

"नाय," शेवंती म्हणाली, आणि पायरी उतरली.

वहीतल्या घरांना रक्त तपासा असं सांगत फिरायला महादेवनं टॅक्सी दिली. म्हणजे तोच चालवतो. रविवारी सकाळी खोलीसमोर गाडी आणून उभी करतो, हॉर्न वाजवत नाही. शेवंती मागच्या सीटवर बसते. आतापर्यंत अकरा घरं झाली. चार घरांनी रक्त दिलं, त्यांतल्या दोन घरांत ती चूक निघाली. तीन घरांनी बघतो म्हटलं. बाकीच्यांनी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. मयेत एका घरात तर कुत्रा सोडला.

साळच्या घरात एक म्हातारा सोप्यावरच आडवा आला. "आमच्या घरात रोग सोदूक इलंस? चल, वाटेक लाग." शेवंतीनं त्याच्याशी पाव तास वाद घातला. मग वही काखेत मारून, संतापानं लाल होऊन ती गाडीकडे निघाली. दार उघडणार तेवढ्यात मागून पावलं वाजली. त्या घरची सून होती, सातवा महिना असावा, हातात कचऱ्याची टोपली, बाहेर पडायला निमित्त म्हणून घेतलेली.

"ताई, माझी आजी आमोण्याच्या घरातली," ती धापा टाकत म्हणाली. "आणि यांची आजीपण. पहिलं बाळ माझं पाच महिन्यांचं गेलं. त्या डॉक्टरांचा नंबर द्या."

शेवंतीनं वहीचं पान फाडून नंबर लिहिला. खाली स्वतःचाही लिहिला.

"सासऱ्यांना कळलं तर?"

"माझा नाव सांग. कोरगावची शेवंती म्हण. मी येवन भांडतंय त्येंच्याशी."

सुनेनं कागद पोलक्यात घातला आणि टोपली घेऊन उकिरड्याकडे वळली. शेवंती गाडीत बसली. महादेवनं आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"आता खंय?"

"दोडामार्ग," ती म्हणाली.